सतरा-सीची वही

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

वही मी लिहायची असं ठरलं, कारण हिशेब लिहिणं हाच माझा धंदा. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात तेवीस वर्षं कीर्द-खतावणी करतोय. नाव मोठं देऊ नका, संस्था काढू नका, पावतीपुस्तक छापू नका, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून गटाला नाव नाही. आम्ही सहा जण: अक्का, गुरुजी, फिटर, वकीलबाई, त्यांची कॉलेजातली भाची आणि मी. बैठक सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कांच्या ओसरीवर. अक्का बोलता बोलता विड्या वळतात, त्यांच्या मांडीवरचं सूप कधी रिकामं नसतं.

पहिला तास मतदान यंत्रावरच्या भांडणातच गेला. फिटर यंत्रमाग दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, जे यंत्र माणसानं बनवलं ते माणूस बिघडवू शकतो, मी रोज बघतो. गुरुजी पंधरा वर्षं बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारे, होते. ते म्हणाले, मी निवडणुकीची कामं केलीत, असलं काही होत नसतं. दोघांचेही आवाज चढले. शेवटी मी विचारलं, तुमच्यापैकी एकाकडे तरी तुमच्या बूथची पावती आहे का? कसली पावती? लोकसभेला आपल्या बूथवर मतं किती पडली, याचा सही-शिक्क्याचा कागद. कोणाकडेच नव्हता. मग भांडता कशावर?

तो कागद असतो. त्याचं नाव नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष तो भरतात आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या एजंटला त्याची प्रत द्यावी लागते. निवडणूक नियम १९६१, नियम ४९-एस. ही प्रत जपून ठेवलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

ठरलं ते एवढंच: येत्या विधानसभेच्या मतदानाआधी यादी बघायची, मतदानाच्या संध्याकाळी १७-सी मिळवायचे, निकालानंतर ते फॉर्म २०शी, म्हणजे बूथवार निकालाच्या तक्त्याशी, ताडून बघायचे. तीन शाळा, चौदा बूथ. जास्त नाही.

६ ऑक्टोबर

यादी उतरवायला भाचीला दोन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक भागासाठी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकायची, मग फाइल खुलते. आणि ती फाइल म्हणजे नुसतं चित्र. शोध म्हटलं की काही सापडत नाही, सगळं डोळ्यांनी वाचायचं. यंत्रानं वाचता येईल अशी यादी द्या, अशी मागणी घेऊन कमलनाथ सुप्रीम कोर्टात गेले होते. २०१८ मध्ये ती फेटाळली गेली. वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा फिटर म्हणाला, मग आपणच यंत्र व्हायचं.

एका पानावर तीस चौकटी. प्रत्येक चौकटीत नाव, वडील किंवा नवरा, घर क्रमांक, वय, ओळखपत्राचा नंबर. पानं छापून घेतली, लाल आणि निळं पेन घेऊन बसलो. माझं मत असं की यादी हा सोलापूरचा खरा इतिहास आहे, फक्त तो कोणी शुद्ध लिहिलेला नाही. आपल्याकडे तेलुगू नावं मराठीत लिहिणारा कारकून वेगळा, उर्दू नावं लिहिणारा वेगळा, कन्नड लिहिणारा आणखी तिसरा. म्याकल, मॅकल, म्याकाल: तीन घरं नव्हेत, तीन सख्खे भाऊ. शेखचा शेक झालाय. एका बाईंचं नाव पतीच्या रकान्यात आणि पतीचं बाईंच्या रकान्यात, दोघांचंही लिंग ‘पु’.

घर क्रमांकाचा घोळ सगळ्यात मोठा. एका भागात ओळीनं ‘०’, ‘०’, ‘-’, ‘०’. बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल, एका घरात एवढी माणसं, बोगस! अक्कांनी पान हातात घेतलं आणि म्हणाल्या, ही मिलची चाळ हो. चाळ पडून किती वर्षं झाली, नंबर कुठला असणार. त्यातली निम्मी नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली, कोण कुठं गेलं त्यासकट.

तरीही सगळं ‘चाळ होती’ म्हणून सोडून देता येत नाही. आज एक पान घेऊन घरोघर फिरलो. तीसपैकी सात जणांचा पत्ता लागला नाही. दोघं वारलेले, तिघं कुंभारीला, एक मुलगी लग्न होऊन हैदराबादला. एकाला गल्लीत कोणीच ओळखत नाही. तो सातवा मला अजून टोचतोय.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

बतकम्मा झाली, दसरा झाला, लोक घरी सापडतात म्हणून आजच शिबिर ठेवलं. गल्लीच्या तोंडाला टेबल, चार खुर्च्या, वर चादर बांधून सावली. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त.

बहुतेकांचं काम एकच: घर बदललंय. सोलापुरात घर बदलण्याला कुंभारीचा अर्थ आहे. आधी गोदूताई परुळेकर विडी घरकुल, दहा हजार घरांचं. आता रे नगर. तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या यंदा १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. विडीवाल्या, मागवाले, हातगाडीवाले, कचरा वेचणारे, सगळे पूर्व भागातून उठून तिकडे. माणसं गेली, नावं इथंच राहिली. शहरातून कुंभारीला गेलं की गाव, ग्रामपंचायत, सगळंच बदलतं. त्यांना इकडचं नाव काढून तिकडे घालायचंय, पण बऱ्याच जणांना हे दोन वेगळे अर्ज वाटतात आणि ‘तिकडचं झालं की बघू’ म्हणून इकडचं राहतं.

गुरुजींनी अर्जांची सूत्रं हातात घेतली. फॉर्म ६, फॉर्म ६, फॉर्म ६. मी भराभर लिहीत गेलो. शहरातल्या शहरात उत्तर मतदारसंघातून मध्य मतदारसंघात आलेल्या लोकांचेही फॉर्म ६च भरले. अक्कांचाही तसाच भरला, त्यांनी दीड वर्षापूर्वी घर बदललं तेव्हापासून राहिलाच होता. संध्याकाळी भाचीनं थोडे ऑनलाइन चढवले. सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगा चटणी. छान दिवस गेला.

१५ ऑक्टोबर

निवडणूक जाहीर. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला मोजणी, सगळे २८८ मतदारसंघ एकाच दिवशी.

१६ ऑक्टोबर

छान दिवस कसला. वकीलबाई कोर्टातून थेट ओसरीवर आल्या, चप्पलसुद्धा काढली नाही. मला म्हणाल्या, “हे काय केलंत अण्णा तुम्ही?”

फॉर्म ६ हा ज्याचं नाव कुठंच नाही त्याच्यासाठी. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं तर फॉर्म ६च भरायचा, गुरुजी ज्या काळात बीएलओ होते तेव्हा तसंच होतं. ऑगस्ट २०२२ पासून ते बदललं. आता घर कुठंही बदललं, त्याच मतदारसंघात की दुसऱ्या, तरी फॉर्म ८. फॉर्म ८ भरला की जुन्या जागेचं नाव निघतं आणि नव्या जागी जातं. फॉर्म ६ भरला की नवं नाव तयार होतं आणि जुनं तसंच राहतं. शिवाय त्यात खाली छापलंय की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. त्याखाली लोकांच्या सह्या. खोटं निवेदन केलं तर १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभराची कैद होऊ शकते.

म्हणजे यादीतला घोळ शोधायला बसलेलो आम्ही, एका दुपारी घोळ घालून मोकळे.

गुरुजी काही बोलले नाहीत. पाणी प्यायले आणि बराच वेळ भांडं हातातच धरून बसले. खरं तर अर्ज मी लिहीत होतो, वाचायला मला कोणी अडवलं नव्हतं. छापील ओळ होती, मराठीत होती. कारखान्यात बिलावरची प्रत्येक ओळ वाचणारा माणूस मी.

कागदावरचे होते ते रात्रीच बदलले. ऑनलाइन गेलेल्यांच्या घरी फिरतोय.

१९ ऑक्टोबर

नाव घालायला आजचा शेवटचा दिवस. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, त्यानंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही की काढता येत नाही. चढवलेल्यांपैकी सगळ्यांना गाठलं, अक्का सोडून. अक्का समोरच असतात म्हणून त्यांचं उद्या करू, उद्या करू, करत राहिलो आणि विसरलो. वकीलबाई म्हणतात, बीएलओ घरी येईल तेव्हा सांगा. बघू.

१० नोव्हेंबर

दिवाळी संपली. आता एजंट.

अडचण साधी आहे: आमच्यासारख्यांना बूथमध्ये बसता येत नाही. आत फक्त उमेदवाराचा एजंट, तोही नमुना १० वर नेमलेला. १७-सी ची प्रत त्यालाच. आयोगाचं म्हणणं असं की ही प्रत एजंटला देणं एवढंच कायद्यानं बंधन आहे, सगळ्यांसाठी जाहीर करण्याचं नाही. मे महिन्यात सुप्रीम कोर्टात हा विषय होता, बूथवार आकडे ४८ तासांत टाका अशी मागणी होती. २४ मेला कोर्टानं निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला.

म्हणून दारोदार. सगळ्या पक्षांच्या कचेऱ्या, कोणालाही न वगळता. बोलणं एकच: तुमचा एजंट शेवटपर्यंत बसवा, १७-सी घ्यायला सांगा, आम्हाला झेरॉक्स द्या. एका कचेरीत चहा मिळाला, एका कचेरीत ‘तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न चार वेळा. तिसरीकडे एक पोरगा म्हणाला, “काका, संध्याकाळी पाचनंतर आमची पोरं थांबत नाहीत, जेवण पाचलाच येतंय.” सगळ्यात खरं उत्तर हेच.

फिटर स्वतः एका अपक्षाचा एजंट व्हायला तयार झाला. अपक्षाला कोणी एजंट मिळत नव्हता, त्यानं लगेच सही दिली.

१७ नोव्हेंबर

कोरा १७-सी छापून आणला आणि अकरा एजंटांना ओसरीवर बसवून शिकवलं. तीन पक्षांची पोरं शेजारी शेजारी, जरा अवघडलेली.

मी त्यांना खतावणीसारखंच सांगितलं. वरती यंत्रांचे नंबर, कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट, सकाळी लिहून घ्या आणि मोजणीच्या दिवशी तोच नंबर टेबलावर येतो का बघा. मग: बूथवर एकूण मतदार किती. नोंदवहीत, म्हणजे १७-ए मध्ये, किती जणांची सही किंवा अंगठा. त्यातून मत न देताच परत गेलेले किती. नियम मोडला म्हणून मत देऊ न दिलेले किती. चाचणी मत किती. आणि यंत्रावरचा एकूण आकडा. वरची जमा, खालची वजा, आणि यंत्राचा आकडा जुळला पाहिजे. फॉर्मातच विचारलंय, जुळतो की नाही.

एकानं विचारलं, कोणाला किती मतं, ते यात कुठं? ते यात नाही. ते भाग दोनमध्ये, मोजणीच्या टेबलावर भरतात. आपल्या हातात येतो तो भाग एक. त्यावरून चोर सापडत नाही. पण रात्री पेटीत एक मत वाढलं तर ते कळतं. फिटरनं मान हलवली, त्याला हे पटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार, मतदान

सकाळी ५.३०. मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी. फिटर आत, मी शंभर मीटरच्या रेषेबाहेर चहाच्या गाड्याजवळ. नंतर त्यानं सांगितलं ते लिहितो: कमीत कमी पन्नास मतं, एजंटांनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं, निकाल काढून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी मोजला. मग क्लिअर, यंत्रावर शून्य. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून जाड काळ्या पाकिटात, वरून गुलाबी सील. फिटर म्हणतो, ते शून्य बघायला पहाटे उठावं लागतं, आणि तेव्हा आत एजंट दोनच होते.

७.१० पासून रांग. दुपारी ओसरली. अडीचला एक बूथ अगदी रिकामा, केंद्राध्यक्ष खिडकीत उभे राहून डबा खात होते.

३.४०. आज्जीबाईंचा प्रसंग. नोंदवहीत अंगठा दिला, बोटाला शाई लागली, यंत्रापाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “आमचं चिन्ह कुठाय?” यंदा आघाड्या-युत्यांच्या वाटपात त्यांचा नेहमीचा पक्ष या जागेवर नव्हता, जागा मित्रपक्षाला गेलेली. अधिकाऱ्यांनी समजावलं, एजंटांनी तोंड उघडायचं नसतं म्हणून ते गप्प. आज्जी म्हणाल्या, मग मला द्यायचंच नाही कोणाला. नोटा आहे म्हणून सांगितलं. “नोटा-फोटा काही नको,” म्हणून शाई लागलेलं बोट नाचवत बाहेर. केंद्राध्यक्षांनी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे शेरा लिहिला, खाली पुन्हा अंगठा घ्यायला शिपाई दारापर्यंत पळाला.

५.५५. रांग पुन्हा आली. कारखान्यांची पाळी सुटली, विड्या देऊन बायका आल्या. सहा वाजता केंद्राध्यक्ष स्वतः बाहेर आले आणि रांगेच्या शेवटच्या माणसापासून सही केलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या वाटत पुढे आले. शेवटून का? पुढून वाटल्या तर मागं माणसं येऊन उभी राहतील. इतकी साधी युक्ती, पण मी पहिल्यांदाच पाहिली. एकतीस चिठ्ठ्या. शेवटची बाई आत गेली तेव्हा ६.४८.

७.०५. क्लोज. यंत्राचं टोटल: ७४२. नोंदवहीत: ७४३. आतल्या एका एजंटानं लगेच आवाज चढवला, “एक कुठं गेलं?” फिटरनं बोट ठेवलं ‘मत न देताच परत गेलेले’ या ओळीवर, तिथं १. आज्जीबाई. ७४३ वजा १. जुळलं.

मला हा प्रसंग चौकटीत ठेवावासा वाटतो. आज्जी कोणी पाहिल्या नसत्या तर उद्या हाच एक आकडा गल्लीत ‘मत चोरलं’ म्हणून फिरला असता. आणि खरोखर चोरलं असतं तर? तेव्हाही हाच कागद लागला असता.

बाकी बूथ: दोन ठिकाणी आमचे शिकवलेले एजंट जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. एका ठिकाणी केंद्राध्यक्ष म्हणाले, प्रत उद्या घ्या. वकीलबाईंनी गेटवरूनच आत निरोप धाडला की नियम ४९-एस, आत्ताच. मिळाली. एका एजंटानं प्रत घेतली, बाहेर येऊन फोटो काढला आणि कागद खिशात घालून घरी गेला. फोटोत अर्धं त्याचं बोट.

रात्री १०.१५ ला ओसरीवर मोजदाद: नऊ प्रती हातात, चार फोटो, एक बूथ कोरा. अक्कांचं मत मध्यच्या नव्या बूथवर झालं. पुरवणी यादीत नाव आलेलं होतं. जुन्या यादीतून गेलं का, बघायला पाहिजे होतं. दमलो होतो.

२१ नोव्हेंबर

राज्याचा आकडा: संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, शेवटी ६६.०५ टक्के. कारखान्यात दिवसभर हाच विषय. मधले जवळपास आठ टक्के कुठून आले?

माझ्या वहीत एका बूथची एकतीस चिठ्ठ्यांची रांग आहे, आणि पाच ते सहा या तासाची गर्दी आहे. पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो हेही गुरुजींनी सांगितलं. एवढ्यावरून मी सगळ्या राज्याचं उत्तर देणार नाही. पण राज्यात प्रत्येक बूथवर १७-सी भरला गेलाय आणि त्यात वेळेनंतरचेही सगळे धरलेत. ते एके ठिकाणी टाकले तर हा वाद एका दुपारी मिटेल, इकडे नाहीतर तिकडे. टाकत नाहीत म्हणून संशय वाढतो, आणि संशय वाढला म्हणून संशय घेणाऱ्यांना नावं ठेवतात.

२३ नोव्हेंबर

निकाल. आम्ही निकालावर वहीत काही लिहायचं नाही असं आधीच ठरलंय. फिटर उदास, गुरुजी खूश, अक्कांच्या विड्या चालू.

३० नोव्हेंबर

दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्राची मेमरी तपासून मागता येते, एका मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांपर्यंत. सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०२४ ला ठरवून दिलं. मुदत निकालापासून सात दिवस, म्हणजे आज. एका संचाचे ४० हजार आणि वर जीएसटी, ४७,२०० रुपये. फिटरनं आपल्या अपक्षाला फोन केला. त्याचं डिपॉझिट जप्त झालंय, तो फोन उचलत नाही. उचलला असता तरी तो तिसरा नव्हताच.

४ डिसेंबर

काल मारकडवाडी. माळशिरस तालुक्यातलं गाव, आपल्याच जिल्ह्यात. गावकऱ्यांनी ठरवलं होतं की आपण आपल्या खर्चानं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघू. यंत्रात राम सातपुते १००३ आणि उत्तम जानकर ८४३, गावाला हे पटेना. गंमत म्हणजे मतदारसंघात जानकरच जिंकलेत, आणि तेच गावाबरोबर उभे होते. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस बंदोबस्त आला, आणि मतदान सुरू व्हायच्या आधीच मागे घ्यावं लागलं. आता गुन्हे दाखल.

ओसरीवर दोन तट. वकीलबाई: असं मतदान कायद्यात बसत नाही, आणि उघड मतदान झालं तर गावातल्या गरिबावर उद्या दबाव येतो, गुप्त मत हे त्याच्यासाठी असतं. फिटर: बसत नाही म्हणून पोलीस आणायचे? गावानं स्वतःची बेरीज स्वतः करून बघायची नाही?

मला दोघांचंही पटतं, म्हणून मी बोललो नाही. रात्री झोपताना वाटलं, हिशेब पटत नसेल तर माणूस पुन्हा मोजतो, हे गावाचं बरोबरच आहे. मी पण तेच करतो. पण पुन्हा मोजताना मी नवी नाणी आणत नाही, तीच मोजतो. त्याच चिठ्ठ्या, तेच व्हीव्हीपॅट. ते एका मतदारसंघात पाचच मोजतात, बाकीचे बंद. गावाला ‘तुमच्या बूथच्या चिठ्ठ्या तुमच्यासमोर मोजतो’ म्हटलं असतं तर कोणी मतपत्रिका छापल्या असत्या का?

१५ डिसेंबर, रविवार

फॉर्म २० आला. मतदारसंघाचे सगळे बूथ, प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा, एकूण. छापून टेप लावून लांब पट्टी केली, अक्कांच्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाची १७-सी वाचायची, गुरुजी पट्टीवर बोट, मी टिक.

नऊच्या नऊ जुळले. ७४२ लाही ७४२.

चार फोटोंपैकी तीन जुळले. चौथ्यात शेवटचा आकडा ० आहे की ६ ते बोटाखाली झाकलंय. फॉर्म २० मध्ये ६. फिटर म्हणाला, शून्य असेल तर? तासभर त्या बोटाचा फोटो मोठा करून बघत बसलो. कागद ज्याच्या खिशात गेला तो पोरगा आता पुण्यात कामाला. पँट धुतली गेली म्हणे.

फिटरचा चेहरा पडला होता. त्याला काहीतरी सापडायला हवं होतं. गुरुजींनी ‘मी म्हणत नव्हतो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मी त्यांना थांबवलं. चौदापैकी बारा बूथवर मतांची बेरीज जुळली, इतकंच. राज्यात लाखाच्या घरात केंद्रं. आणि बेरीज जुळली तरी तो सातवा माणूस, ज्याला गल्लीत कोणी ओळखत नाही, त्याचं मत पडलं की नाही हे १७-सी सांगत नाही. ते १७-ए सांगेल, आणि ती नोंदवही सीलबंद, कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही.

२२ डिसेंबर

परवा, २० तारखेला, केंद्रानं निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला. आधी निवडणुकीची ‘इतर सगळी कागदपत्रं’ लोकांना बघता यायची. आता ‘या नियमांत सांगितलेली’ एवढीच. सीसीटीव्ही वगैरे गेलं. वहीत लिहून ठेवतो. वकीलबाईंनी बातमीचं कात्रण चिकटवलं, खाली काही लिहिलं नाही.

वही बंद करतोय.

२४ नोव्हेंबर २०२५

वही अकरा महिन्यांनी उघडली. महापालिकेची प्रारूप यादी २० तारखेला लागली. २६ प्रभाग, १०२ नगरसेवक, शेवटची निवडणूक २०१७ ला. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही, विधानसभेचीच १ जुलै २०२५ ची यादी घेऊन प्रभागांत फोडतो. यंदा नवं म्हणजे ज्यांची नावं दुबार वाटतात त्यांच्यापुढे दोन तारे छापलेत. १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधकांचा मोर्चा झाला, तेव्हापासून दुबार हा शब्द भाजीवालीच्याही तोंडात आहे.

भाचीनं पानं काढली. गुरुजींनी चष्मा पुसला. अर्ध्या तासानं ते एकदम गप्प झाले, आणि पान माझ्याकडे सरकवलं.

अक्का. दोन तारे. एका चौकटीत जुनं घर आणि पतीचं नाव. दुसऱ्या प्रभागाच्या यादीत नवं घर, वडिलांचं नाव, कारण आधारवरून मीच तसं उतरवलं होतं. दोन ओळखपत्रांचे दोन नंबर. हस्ताक्षर छापील, पण काम माझं.

अक्कांनी दोन्ही पानं मांडीवर घेतली, सूप बाजूला सारून. “दोघी मीच की,” म्हणाल्या. मग जरा थांबून, “टीव्हीवर सांगालेत ते बोगस मतदार म्हणजे मी का बे?”

३० नोव्हेंबर, रविवार

हरकतींची मुदत ३ डिसेंबरपर्यंत वाढली. पालिकेच्या कचेरीत जाऊन आलो. तिथल्या मॅडम सभ्य होत्या. म्हणाल्या, नाव चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर आम्ही हलवू, पण मूळ यादीतून नाव काढायचा अधिकार आम्हाला नाही, ती विधानसभेची यादी. इथं फक्त कुठं मत देणार ते लिहून द्या, दुसरीकडे तुम्हाला मत देता येणार नाही. काढायचं असेल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे फॉर्म ७.

दुपारी ओसरीवर फॉर्म ७. गुरुजी म्हणाले, मी भरतो. मी म्हटलं, मी भरतो, तुम्ही मोठ्यानं वाचा. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या छापील ओळीपर्यंत वाचलं, तळटीपांसकट. नाव वगळण्याच्या कारणांपाशी आलो: मृत्यू, वय कमी, कायमचे स्थलांतरित, आधीच नाव नोंदलेले, भारताचे नागरिक नाही. बोट चौथ्यावर. अक्का म्हणाल्या, “बघून हं अण्णा, पहिल्यावर खूण कराल.”

फिटरनं दोनदा तपासलं. बीएलओ आता एक अंगणवाडी ताई आहेत, त्या घरीच होत्या. त्यांनी खालची पोच फाडून दिली. ती या पानावर डिंकानं चिकटवलीये. नंबर वाचता येईल अशी, बोट न ठेवता.